लग्नाच्या कागदांत नसलेली एक चिठ्ठी



विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिराला येणाऱ्या जोडप्यांचे कागद आम्ही स्वतः तपासतो. दोघांचे स्नानसंस्काराचे दाखले, दृढीकरणाचे दाखले, वयाचा पुरावा, नवरा किंवा नवरी दुसऱ्या धर्मग्रामातील असल्यास तिथल्या फादरांचे पत्र, साक्षीदारांची नावे. एखादा कागद कमी असला तर आम्ही जोडप्याला परत पाठवतो आणि मग तलासरीहून किंवा कासाहून दोन गाड्या बदलून आलेल्या त्या मुलामुलींची नाराजीही सहन करतो. कागद पुरे असले की फाईल बंद होते. जेवणावळ, मांडव, बँड या गोष्टी तर आमच्याकडे येण्याआधीच ठरलेल्या असतात.

काही वर्षांपूर्वी अशीच एक फाईल आम्ही बंद केली आणि त्या दोघांचा विवाह लावला. त्यांचे नाव, गाव, पाडा सांगणार नाही. ओळखण्याचा प्रयत्नही कोणी करू नये. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांना मुलगा झाला. जन्मला तेव्हा तो छान गुटगुटीत होता. सातव्या-आठव्या महिन्यात त्याच्या हातापायांचे पंजे सुजू लागले, हात लावला की पोर किंचाळायचे. आधी दृष्ट काढली, मग भगताकडे नेले, मग एका खाजगी दवाखान्यात सुया झाल्या, आणि बरेच पैसे व बरेच महिने गेल्यानंतर सरकारी रुग्णालयात रक्ताची तपासणी झाली. मुलाला सिकलसेल आजार होता. आई आणि वडील दोघेही वाहक निघाले.

त्या बापाने आम्हाला विचारले, "फादर, हे लग्नाआधी कळले असते का?" आम्ही म्हणालो, "हो, कळले असते." त्यावर तो म्हणाला, "मग कोणी सांगितले का नाही?"

आम्ही गप्प राहिलो. आम्ही वसईकडचे. आमच्या घरी शुगर आणि प्रेशर हे दोन शब्द लहानपणापासून कानावर पडले. सिकलसेल हा शब्द आम्ही या भागात आल्यावर ऐकला आणि ऐकूनही तो डॉक्टरांचा विषय आहे असे मानून सोडून दिला. सेमिनरीत तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकलो, योग्य निर्णय कसा घ्यावा यावर परीक्षा दिल्या, आणि ज्या माणसांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या निर्णयाला आम्ही साक्षीदार होतो त्यांना त्या निर्णयासाठी लागणारी एक साधी माहिती दिली नाही. हा लेख त्या बापाच्या प्रश्नामुळे लिहीत आहोत. थोडा उशीर झाला आहे.

विळा आणि चिंचोके

भातकापणीला आपण जो विळा वापरतो, त्यालाच इंग्रजीत सिकल म्हणतात. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी मऊ, गोल आणि चपट्या असतात. त्या बारीकातल्या बारीक रक्तवाहिनीतून वाकून, दबून पुढे सरकतात आणि शरीराला प्राणवायू पोचवतात. सिकलसेल आजारात या पेशी प्राणवायू सोडल्यावर कडक होतात आणि विळ्यासारख्या वाकड्या बनतात. वाकड्या पेशी एकमेकींत अडकतात, बारीक वाहिनी तुंबते, आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. तिथे जी कळ उठते ती सहन करण्यापलीकडची असते. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही वाकडी पेशी दहा ते वीस दिवसांतच फुटते. म्हणून अशा माणसाचे रक्त कायम कमी असते, डोळे पिवळे दिसतात, थकवा येतो. आपण त्याला आळशी म्हणतो किंवा 'कावीळ जात नाही' म्हणतो.

शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या वाकड्या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष रक्तातील हिमोग्लोबिनच्या घडणीतच आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतला फक्त सहावा दुवा बदललेला असतो. १४६ मण्यांच्या माळेत एक मणी वेगळा, आणि त्याने सारे आयुष्य बदलते. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये प्रथम आढळला. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार आणि आपला पालघर हे त्याचे जिल्हे. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालय सांगते की देशातील अनुसूचित जमातींमध्ये दर ८६ जन्मांमागे सुमारे एका बाळाला हा आजार असतो.

आता मुख्य गोष्ट. हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने, हवेने किंवा एकत्र झोपल्याने होत नाही. तो फक्त जन्माने येतो, आणि तोही आई व वडील दोघांकडून आला तरच. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही हे चिंचोके आणि वाल घेऊन समजावतो. घरी मुलांना तसेच दाखवा. प्रत्येक माणसाच्या मुठीत दोन दाणे आहेत असे समजा, एक आईने दिलेला आणि एक वडिलांनी दिलेला. वाल म्हणजे चांगला दाणा, चिंचोका म्हणजे सिकलसेलचा. दोन्ही वाल असतील तर काहीच प्रश्न नाही. एक वाल आणि एक चिंचोका असेल तर तो माणूस वाहक. वाहक आजारी नसतो. तो शेती करतो, मासेमारीला जातो, फुग्यांच्या कारखान्यात पाळी करतो, म्हातारा होतो. बहुतेक वेळा त्याला स्वतःला ठाऊकही नसते. दोन्ही चिंचोके असतील तर मात्र आजार.

मूल होताना आई एक दाणा देते आणि बाप एक देतो, डोळे मिटून. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चार शक्यता उभ्या राहतात: चारांत एक पूर्ण निरोगी, चारांत दोन वाहक, चारांत एक आजारी. इथे एक मोठा गैरसमज आहे. "पहिले मूल आजारी झाले, म्हणजे आता पुढची तीन चांगली होणार," असे आम्ही एका आजोबांच्या तोंडून ऐकले. तसे नाही. नाणेफेकीत एकदा काटा पडला म्हणून पुढच्या वेळी छाप पडेलच असे कोणी म्हणत नाही. प्रत्येक वेळी मूठ नव्याने उघडते. काही घरांत वाहक आईबापांची चारही मुले चांगली निघतात, काही घरांत दोन आजारी होतात. आणि एकाच्या मुठीत चिंचोका व दुसऱ्याच्या मुठीत दोन्ही वाल असतील, तर मुले वाहक होऊ शकतात, आजारी होत नाहीत. या एका वाक्यासाठी आम्ही एवढे चिंचोके मोजले. मात्र थॅलेसिमियासारखा दुसरा दोष सिकलसेलशी जुळला तरी आजार होऊ शकतो. म्हणून पहिल्या झटपट तपासणीवर न थांबता डॉक्टर सांगतील ती पुढची तपासणीही करून घ्यावी.

जन्मल्यावर मूल चांगले का असते, हेही सांगायला हवे, कारण दृष्टीची आणि करणीची सारी कथा तिथेच सुरू होते. पोटातील बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, आणि जन्मानंतर पाच-सहा महिने ते पुरते. ते ओसरले की आजार दिसू लागतो. नेमके तेव्हाच बाळाला कोणीतरी पाहून गेलेले असते, एखादी शेजारीण हसलेली असते. बिचाऱ्या शेजारणीचा काही संबंध नसतो.

पाप कोणाचे?

योहानच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला माणूस आहे. शिष्यांनी प्रभूला विचारले की पाप याने केले की याच्या आईबापांनी. प्रभूने दोन्ही नाकारले. आपल्या पाड्यांवर हा प्रश्न अजून रोज विचारला जातो, फक्त शब्द वेगळे: कोणाच्या घराण्यात खोट आहे? आणि उत्तर नेहमी सुनेच्या माहेरी जाऊन थांबते. चिंचोक्यांचा हिशेब नीट समजला असेल तर हे उघड आहे की आजारी मुलाला एक दाणा बापानेही दिलेला असतो. सुनेला माहेरी पाठवून देणाऱ्या सासूने आधी आपल्या मुलाचे रक्त तपासावे. (मग तिचे स्वतःचेही तपासावे. मुलाच्या मुठीतला दाणा कुठून तरी आलेलाच असतो.)

हा दाणा शाप नाही याचा आणखी एक पुरावा आहे. डॉ. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवले की वाहक मुलांना मलेरियाच्या घातक प्रकारापासून संरक्षण मिळते. आपला डोंगरपट्टा पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचा. ज्या काळी इथे ना दवाखाना होता ना औषध, त्या काळी वाहक मुले तापातून वाचली, मोठी झाली आणि त्यांचा वंश वाढला. आज जो दाणा आपल्याला ओझे वाटतो त्यानेच कदाचित आपल्यापैकी काहींच्या पणजोबांना जगवले. हे आम्हाला समजले तेव्हा वाहक या शब्दाकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली.

तपासणी कधी?

सर्वजण म्हणतात, लग्नाआधी तपासा. सरकारी भिंतीवरही तेच लिहिलेले असते. इथे राहून आम्हाला वाटू लागले आहे की हे शब्द आपल्या भागाला पुरेसे नाहीत. आपल्यापैकी अनेक घरांत मुलगा-मुलगी आधी एकत्र राहू लागतात आणि पैसे जमतील तेव्हा लग्न लागते. कधी कधी स्वतःच्या मुलांच्या लग्नाबरोबर आईबापांचे लागते. त्यात योग्य-अयोग्य काय यावर आम्ही वेगळे बोलू आणि बोलतोही. पण 'लग्नाआधी' हा शब्द ऐकून अशी जोडपी तपासणी पुढे ढकलत राहिली, तर तोवर दोन मुले झालेली असतात. आणि जिथे रीतसर लग्न ठरते तिथेही, सुपारी फुटून पाहुणे येऊन गेल्यावर हातात आलेली चिठ्ठी काय कामाची? त्या वेळी कोणी शांतपणे विचार करू शकत नाही. मुलीची बदनामी होईल या भीतीने चिठ्ठी चुलीत जाते.

म्हणून आमचे मत असे की ही तपासणी नववी-दहावीत व्हावी, जेव्हा मनात अजून कोणी नसते. आश्रमशाळांत आणि शाळांत पथके येतात तेव्हा पालकांनी घाबरून मुलांना घरी ठेवू नये. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. आपल्या आशाताई यादी घेऊन दारात येतात त्या याच कामासाठी. बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब जातो, पैसे लागत नाहीत. चिठ्ठी मिळाली की ती रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा, आणि मुलाला किंवा मुलीला स्वतःचा निकाल ठाऊक असू द्या. पुण्याचे डॉ. सुदाम काटे आणि आपल्या शेजारचे, वलसाडचे डॉ. यझ्दी इटालिया यांनी आयुष्यभर याच कामाचा पाठपुरावा केला. एकाला २०१९ साली आणि दुसऱ्याला २०२४ साली पद्मश्री मिळाली. वलसाड आपल्यापासून किती लांब? अच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात. इतक्या जवळ हे काम चालले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

दोघेही वाहक निघाले तर?

हा प्रश्न शिबिरात विचारला जातो तेव्हा वर्गात एकदम शांतता पसरते. ख्रिस्तसभा अशा लग्नाला मनाई करते का? नाही. वाहक असणे हा विवाहातील अडथळा नाही. उद्या आम्ही कोणाला या कारणासाठी नकार देऊ शकत नाही आणि देणारही नाही. पण मनाई नाही म्हणजे विचार करू नये असेही नाही. सप्टेंबर १९५८ मध्ये रोममध्ये रक्तविकारतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. पोप पायस बारावे यांनी त्या डॉक्टरांशी नेमक्या याच विषयावर भाषण केले. भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांत असाच एक आनुवंशिक रक्तविकार होता. पोप महोदयांच्या म्हणण्याचा भाव असा होता की लग्नापूर्वी रक्त तपासणे योग्य आहे, धोका मोठा असेल तर लग्न न करण्याचा सल्लाही देता येतो. परंतु सल्ला देणे वेगळे आणि बंदी घालणे वेगळे, कारण विवाह हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. पुढच्याच महिन्यात पोप महोदय निवर्तले. त्या वेळी डहाणूत कोणी सिकलसेलचे नावही घेत नसेल.

सल्ला आणि बंदी यांतील हा फरक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आजकाल निर्णयाचे दोनच प्रकार दिसतात. एक, "माझे शरीर, माझे आयुष्य, मला कोणी सांगायचे नाही." दुसरा, "मोठे सांगतील तसे," आणि मोठ्यांत भगत, मामा, पंच, फादर सगळे आले. संत थॉमस अक्वायनस यांनी शहाणपणाने निर्णय घेण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी विचारविनिमय, मग निवाडा, मग निवाड्याप्रमाणे स्वतःला कामाला लावणे. त्यांच्या मते तिसरी पायरी मुख्य. सेमिनरीत आम्हाला हे उलटे वाटे. खरा शहाणा तो, ज्याचा निवाडा अचूक, असे वाटे. आता वाटते की संत थॉमस यांनी माणसे नीट पाहिली होती. आमच्याकडे येणारी बहुतेक माणसे दुसऱ्या पायरीपर्यंत पोचलेली असतात. दारू सोडायला हवी हे त्यांना कळलेले असते. चिठ्ठी काढायला हवी हेही. अडते तिसरीवर.

दोघे वाहक असलेल्या जोडप्याला आम्ही काय सांगतो ते इथे लिहून ठेवतो. दोघांनी एकत्र बसून ऐकावे, एकट्याने नव्हे. रुग्णालयातील समुपदेशकाला भेटावे. घरात आजारी मूल आले तर वर्षातून कितीदा रुग्णालय, किती मजुरी बुडणार, कोण रात्री जागणार, हे मोकळेपणी बोलावे. शक्य असेल तर ज्या घरात असे मूल आहे तिथे जाऊन बसावे. एवढे करून एका जोडप्याने थांबायचे ठरवले. आता दोघांचीही दुसरीकडे लग्ने झाली आहेत. दुसऱ्या एका जोडप्याने लग्न केले. दोघांनाही आम्ही आशीर्वाद दिला आणि दोघांपैकी कोणी चुकले असे आम्हाला वाटत नाही.

एक अवघड गोष्ट राहिली, ती टाळणे प्रामाणिक होणार नाही. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मोठ्या रुग्णालयात बाळाची तपासणी करता येते, आणि बाळ आजारी आढळल्यास गर्भपाताचा पर्याय पुढे ठेवला जातो. कायद्याची त्याला परवानगी आहे. ख्रिस्तसभेची शिकवण तुम्हाला ठाऊक आहे: त्या बाळाचे आयुष्यही आपल्याइतकेच देवाचे आहे, आणि आजारी असणे हे त्याला संपवण्याचे कारण होऊ शकत नाही. आम्ही ही शिकवण मानतो. पण ही शिकवण सांगणाऱ्या आम्हा धर्मगुरूंवर एक जबाबदारी येते. बाळ पोटात आल्यावर "नको" म्हणणारे आम्ही, बाळ पोटात येण्याआधी गप्प राहिलो, तर तो दुटप्पीपणा आहे. जिचे मूल महिन्यातून एकदा कळांनी तळमळते, त्या आईसाठी आपला धर्मग्राम गाडी, रक्त आणि रात्रीची सोबत देत नसेल, तर आमचे प्रवचन तिने का ऐकावे?

नामान आणि सलाईन

राजे यांच्या दुसऱ्या पुस्तकातील पाचव्या अध्यायात अरामच्या सेनापतीची, नामानाची कथा आहे. त्याला कुष्ठरोग होता. तो रथ, घोडे, सोने घेऊन अलीशाच्या दारी गेला. अलीशा बाहेरही आला नाही; नुसता निरोप पाठवला की यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. नामान भडकला. त्याला वाटले होते की संदेष्टा बाहेर येईल, हात फिरवील, काहीतरी मोठे घडेल. साधी बुडी? शेवटी त्याच्या नोकरांनी त्याची समजूत घातली. आणि त्याला तिथवर पाठवले ते कोणी? युद्धात पकडून आणलेल्या, घरकाम करणाऱ्या एका पोरीने.

ही कथा आम्हाला अलीकडे आशाताईंची वाटते. वस्तीवरची ओळखीची बाई, आपल्याच बोलीत सांगते की रोज एक गोळी घे, पाणी भरपूर पी. इतके साधे? आपल्याला सुई हवी असते, सलाईन लावलेले हवे असते. बाटली टांगली की दवाखान्यात गेल्यासारखे वाटते. भगताकडे जाणाऱ्यांना आम्ही हसत नाही. भगत तासभर बसतो, घरातल्या सगळ्यांची नावे विचारतो. दवाखान्यात दोन मिनिटांत नंबर पुढे सरकतो. माणूस ऐकून घेणाऱ्याकडे जातो. पण कळ उठलेल्या पोराला आधी रुग्णालयात न्यावे. बाकी काय विचारायचे ते नंतर विचारावे. सिराखच्या ग्रंथातील अडतिसावा अध्याय हेच सुचवतो: आजारात प्रार्थनाही कर आणि वैद्यालाही जागा दे.

आजार असलेल्यांसाठी हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी आहे. बाळाच्या अंगात असते तशा हिमोग्लोबिनचे प्रमाण ती वाढवते, त्यामुळे पेशी कमी वाकतात आणि कळा कमी होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मधूनमधून रक्त तपासत, रोज घ्यावी लागते; बरे वाटत असतानाही. मूल हवे असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना लगेच सांगावे, कारण तेव्हा गोळीचा निर्णय बदलावा लागतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकावरच उपचार करणाऱ्या पद्धतीला मान्यता मिळाली. पण तिचा खर्च कोटींत आहे. आपल्या पाड्यावर आज पोचू शकते ती गोळी.

बरे वाटत असताना गोळी घेणे सर्वांत कठीण, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आम्हाला चाळिशीत प्रेशर निघाले. तीन महिने गोळी घेतली, छान वाटू लागले, आणि आम्ही ती बंद केली. कोणाला विचारले? कोणालाच नाही. एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर वस्त्रगृहात चक्कर येऊन बसलो तेव्हा सेवक मुलांनी पाणी दिले. डॉक्टर काय बोलले ते इथे छापण्यासारखे नाही.

आपल्याकडे अडचण आणखी एक आहे. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर जातात आणि गोळ्या घरी राहतात. जाण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या मागा. आजाराचे कार्ड जवळ ठेवा, म्हणजे भिवंडीत असो की वापीत, तिथला डॉक्टर ते पाहून वेळ वाया घालवणार नाही. भट्टीच्या उन्हात पाणी कमी पडले की कळ उठते, आवणीच्या वेळी दिवसभर गार पाण्यात उभे राहूनही उठते. दारूने अंगातले पाणी कमी होते. ती या आजारात दुप्पट वाईट. आणि ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका: १०१ च्या वर ताप, छातीत दुखणे किंवा दम लागणे, लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला एकदम फुगून ते पांढरे पडणे, हातपाय किंवा तोंड एका बाजूला लुळे होणे. रात्री गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा, आणि फादरांच्या घराचे दारही वाजवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज भरायला शाळेतल्या सिस्टर मदत करतील.

आमच्या त्या मित्राचा (आता मित्रच म्हणायला हवे) मुलगा सध्या शाळेत जातो. गोळी घेतो, पाण्याची बाटली दप्तरात असते, क्रिकेटमध्ये पंच होतो कारण धावायला दम लागतो. गेल्या पावसाळ्यात दोनदा रुग्णालयात राहिला.

येत्या शिबिरापासून विवाहाच्या अर्जाबरोबर दोघांनीही रक्ततपासणी करून यावे अशी विनंती आम्ही करणार आहोत. ही अट नाही. चिठ्ठी आम्हाला दाखवायची गरज नाही, एकमेकांना दाखवायची आहे. ती आमच्या फाईलमध्ये राहणार नाही आणि तीन रविवारी वाचल्या जाणाऱ्या विवाहसूचनेत तिचा उल्लेखही होणार नाही. फक्त नवरीचीच चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांना आम्ही परत पाठवू.

या आठवड्याच्या समूहसभेसाठी: आपल्या वस्तीत तपासणी न झालेली दहावीपर्यंतची किती मुले आहेत? नावे लिहू नका, फक्त संख्या समूहप्रमुखांनी पुढच्या रविवारी मिस्सेनंतर कार्यालयात द्यावी. चिंचोके आणि वाल बरोबर घेऊन जा.

आपले,
धर्मग्रामगुरू